खिडकीसमोरचा ओटा

मिस्त्री : ताई, अजूनही ऐका माझं. तिकडे कुंपणाच्या भिंतीजवळ जमीन घट्ट आहे, विजेचा पॉइंट हाताशी आहे, आडोसाही आहे. इथे खिडकीच्या पुढ्यात टबाचा ओटा कशाला?

सून : इथेच.

मिस्त्री : अहो, माती भुसभुशीत आहे. विजेवर पाणी गरम ठेवणारा तो टब, त्यातलं पाणी, आत बसणारी माणसं... हत्तीच बसवायचाय म्हणा ना! ओटा एका बाजूने खचला तर टबाला तडा जाईल.

सून : मग खोल खणा. खडी घाला, चांगली ठोकून बसवा, वर लोखंडी जाळी टाकून काँक्रीट करा. माझ्या हयातीत हलता कामा नये.

मिस्त्री : खणतोच आहे. ही बघा, खाली फरशी लागली. जुनी मोरी होती वाटतं? तरीच माती एवढं पाणी पिऊन बसलीये.

सून : ते माझं न्हाणीघर. चार पत्रे आणि ही फरशी.

मिस्त्री : का? घरात नव्हतं?

सून : होतं की. गिझरसकट. त्याला सासूबाईंचं कुलूप. सुनेला गरम पाणी दिलं की सून शेफारते, म्हणायच्या.

मिस्त्री : थंडीतसुद्धा?

सून : बाळंतपणातसुद्धा. लेक आठवड्याची होती. इथे गार पाण्याने अंग धुतलं आणि तापाने फणफणले. दूध आटलं. शेजारीण येऊन पाजायची माझ्या पोरीला.

मिस्त्री : आणि साहेब?

सून : पेपर वाचत होते.

मिस्त्री : बरं. ही फरशी कुठे टाकू?

सून : टाकायची नाही. फोडून खडीबरोबर तळाला घालायची. घण द्या इकडे, पहिला घाव माझा.

मिस्त्री : हां हां, सावकाश! पायावर घ्याल. ...आणि त्या खिडकीत आहेत त्या...

सून : त्याच. अर्धं अंग गेलंय. पलंग मीच खिडकीला लावलाय.

मिस्त्री : मग त्यांना आंघोळ कोण घालतं?

सून : मी. रोज. गरम पाण्याने, आधी मनगटावर थेंब टाकून बघते.

मिस्त्री : धन्य आहे तुमची! दुसरी असती तर गार पाण्याची बादली उपडी केली असती.

सून : मग उसनं फिटलं असतं हो. मला फिटू द्यायचं नाहीये.

(ओटा झाला, पाणी मारून मारून पक्का मुरला. टब बसला. आज सकाळी सून त्यात उतरली आहे. खिडकी उघडी आहे.)

सासू : बाहेर कसली गं ही घरघर?

सून : टबाच्या पंपाची. इकडे बघा, आई. वाफ दिसतेय?

सासू : भर अंगणात! लाज कशी वाटत नाही?

सून : इथेच तर धुवायचे मी अंग. तेव्हा तुम्हाला नाही वाटली.

सासू : त्याला विचारलंस का?

सून : विचारलं ना. म्हणाले, आईला त्रास होईल असं काही करू नकोस. म्हटलं, आईंना नुसतं बघायचंय.

सासू : तेव्हा वीज महाग होती.

सून : तुम्ही दोन-दोन बादल्या घ्यायच्यात.

सासू : माझे गुडघे धरायचे.

सून : माझी पोर भुकेने रडायची.

सासू : पलंग फिरव माझा. भिंतीकडे तोंड कर.

सून : फिरवीन की. आधी एवढं सांगा, कुलूप का घातलंत?

सासू : आता काय त्याचं?

सून : सांगा.

सासू : तू आलीस आणि घरात जो तो तुलाच हाका मारायला लागला. तोसुद्धा. सकाळी उठल्या उठल्या तुझं नाव. मला कोणी चहा प्यायलीस का म्हणूनही विचारीना.

सून : एवढंच?

सासू : एवढंच.

सून : एवढ्यासाठी.

सासू : सांगितलं ना! फिरव आता.

सून : फिरवते. जरा अंग शेकून होऊ दे.

(सासू डोळे मिटते.)

सून : डोळे का मिटलेत, आई?

सासू : झोप येतेय.

सून : मग झोपा निवांत. उठाल तेव्हा मी इथेच असेन. यातलं पाणी गार होत नाही.