आधाराचं वाक्य

— नाही हो, सून माझी सोडवते सगळं नीट, गणित तर झोपेतसुद्धा सोडवील. अडतं ते उताऱ्यांवर. वाचायचे उतारे असतात ना, खाली प्रश्न — तिथे. तुमच्या मुलालाही आहेत का? असणारच, सगळ्यांना एकच पेपर. मागच्या खेपेला ती त्याच्यावरच नापास झाली. परिचारिका आहे ती, सुई अशी टोचते की पेशंटला कळत नाही, आणि नापास कशात, तर वाचण्यात! परदेशातल्या हॉस्पिटलची नोकरी आहे, ही परीक्षा पास झाल्याशिवाय ते दारात उभं करत नाहीत. — थांबा हं, हिचं डोकं जरा सरकवते, माझी मांडी बधिर झालीय. नात माझी. चिमणी म्हणतो आम्ही. आईला परीक्षेला आत सोडल्यापासून जी झोपलीय ती झोपलीय. तुम्ही बसा ना इकडे सावलीत, पुष्कळ जागा आहे.

तर उतारे. प्रश्न कसा असतो माहितीय? लेखकाचा मुख्य मुद्दा अमुक, तर त्याला आधार देणारं वाक्य कोणतं? आता तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं. मीही तेच म्हटलं. मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, मला कोण वाचायला शिकवणार? पण खरं सांगू, आम्ही वाचत नव्हतोच. वेलांटी पहिली की दुसरी, टिंब आहे की राहिलं — एवढंच बघायचो. मजकुरात कुणाचं लग्न लागो नाहीतर घर जळो, आपल्याला काय! आता म्हातारपणी सुनेबरोबर बसून अर्थ वाचायला लागले. ती भांडी घासायची, मी ओट्यापाशी स्टुलावर बसून मोठ्यानं उतारा वाचायचे, मग प्रश्न विचारायचे. एक होता पुलाचा. जुना पूल पाडून नवा बांधावा, हे लेखकाचं म्हणणं. उताऱ्यात काय काय दिलेलं — पूल दगडी आहे, लांबून लोक फोटो काढायला येतात, खांबांना तडे गेलेत म्हणून जड गाड्या बंद केल्यात. तर आधार कोणता? हिनं काय सांगावं? लोक फोटो काढायला येतात! मी म्हटलं, "अगं, पूल पाडा म्हणायला फोटोचा काय उपयोग? उलट तो राहू द्या म्हणायला आहे." तर म्हणते, "पण आई, लिहिलंय ना तसं? खरं आहे ना?" खरं आहे गं बाई! खरं असणं वेगळं आणि आधार असणं वेगळं. तिथेच सगळे पडतात. सगळी वाक्यं उताऱ्यातलीच असतात ना, खोटं एकही नसतं. किती दिवस लागले तिच्या डोक्यात ते शिरायला! आणि शिरलं तेव्हा इतकी हसली, हात साबणाचे तसेच, माझ्या गालाला फेस लावला. पुष्कळ दिवसांनी हसली हो.

हो — मुलगा नाही माझा. गेला. लिफ्ट दुरुस्त करायचा मोठमोठ्या इमारतींतल्या. घरून डबा घेऊन गेला तो गेलाच. जाऊ द्या, ते नको आत्ता.

घरात आता आम्ही तिघीच. आणि ही पास झाली की... नाही, तसं काही ठरलेलं नाही. ती काही बोललेली नाही. माझी धाकटी बहीण आहे, ती फोनवर बोलते सगळं — तिचं तोंड म्हणजे नुसतं सुटलेलं. "ती जाणार, पोरीला नेणार आणि परत येणार नाही, तू बस भिंतींशी बोलत!" आणि बघा माझी तऱ्हा, मी काय विचारावं? विचारलं, "कशावरून? आधार काय?" सवयच लागली हो! तर तिच्याकडे तयार. त्याचे शर्ट तिनं कपाटातून काढून देऊन टाकले की नाही? टाकले. त्याची स्कूटर विकली की नाही? विकली. लांबसडक केस होते ते मानेपर्यंत कापले की नाही? कापले. आता यात खोटं काय आहे? एकही नाही. मला रात्र रात्र डोळा लागेना. शर्टांचं तर फार लागलं मला. एक शब्दानं विचारलं नाही तिनं, आईला एखादा हवा असेल म्हणून.

मग एकदा निघालंच तोंडून. उतारा चाललेला, आणि मी मध्येच म्हटलं, "त्याचे शर्ट तुला जड झाले होते का गं?" नळ बंद केला तिनं. म्हणाली, "आई, चिमणी कपाटात शिरून ते शर्ट अंगावर घेऊन झोपायची. उठली की बाबा कुठे म्हणून रडायची. रोज दुपारी. तुम्ही तेव्हा पडलेल्या असायच्या, तुम्हाला कळू दिलं नाही." बघा. एका घरात राहून मला माहीत नाही. केस म्हणे मुठीमुठीनं गळत होते, म्हणून कापले. आणि स्कूटर तिला येतच नव्हती चालवायला! मग मी काय करावं? गप्प बसावं ना? पण नाही. मी म्हटलं, "म्हणजे तू परत येशील?" तिनं परत नळ सोडला. पातेलं घासत राहिली. स्वच्छ झालेलं पातेलं, तेच घासतेय. बहीण म्हणते, हेच तिचं उत्तर. मी म्हणते, न बोलण्याला आधार कसं म्हणायचं? कोऱ्या जागेला कुणी आधार धरतं का? — नाही, तुम्ही सांगा ना. तुमचा मुलगा जाणारच ना लांब? तुम्ही विचारलंत त्याला? ... बरं, नका सांगू.

आज सकाळी काय झालं, सांगते. मी उठले ती उजाडताना, नेहमीसारखी. बाहेरच्या खोलीत ही सोफ्यावर झोपलेली, पुस्तक पोटावर उपडं. फोनची बॅटरी संपून बंद. गजर कुठला वाजतोय! गाढ झोप, तोंड उघडं, लहान पोरासारखी. आणि मी दारात उभी. चहाला आधण टाकायचं होतं, ते नाही टाकलं. नुसती उभी. मनात आलं — दार हळूच ओढून घेतलं की झालं. काही करायचं नाहीच मुळी. खोटं बोलायचं नाही, चोरी नाही. म्हातारं माणूस, तिलाही आज जाग आली नाही, एवढंच. कोण बोलणार होतं मला? पुढच्या वर्षी बघू म्हणाली असती. एक वर्ष तरी... माझा हात कडीवर होता, ताई. किती वेळ होता कोण जाणे.

मग तिचे पाय दिसले. पायात त्याचे मोजे. राखाडी, टाचेला मी रफू केलेले. शर्ट सगळे दिले आणि मोजे हिच्या पायात! कशाला आधार आहे हा? जाणार म्हणायला की राहणार म्हणायला? मला नाही सांगता येणार. पण मी अशी ओरडले, अशी ओरडले, "अगं ऊठ, उशीर झाला!" — की चिमणी आतून रडत आली. मग काय पळापळ, केस न विंचरता टॅक्सीत. इथे पोचलो तर शिपाई फाटक लावायलाच निघालेला. आत शिरता शिरता वळून म्हणते कशी, "आई, तुम्ही होतात म्हणून हो." होतात म्हणून! मला तिच्याकडे बघवेना. मी म्हटलं, "पळ, बोलत काय बसलीस!"

पास होऊ दे हो तिला. मी मनापासून म्हणतेय. आता इथे बसून मनापासून म्हणतेय. पण सकाळी त्या दारात जी उभी होती, तीही मीच ना? ती आता कुठे गेली असेल असं थोडंच आहे? बसलीय इथेच. निकाल लागेल तेव्हाही बसलेली असेल —

सुटले वाटतं. ती बघा, पायऱ्यांवर, पिवळ्या कुर्त्यातली. इकडेतिकडे बघतेय, मला शोधतेय. हसतेय. चांगला गेला, मला कळतं ना तिच्या चालण्यावरून. चांगलाच गेला.

इकडे गं, इकडे! हळू, उठेल ती. — झाला का सगळा पेपर? — हो? सगळे उतारे? बरं झालं. बरं झालं हो बाई. — कोण, या? नाही गं, ओळख कुठली. अशाच बसल्या होत्या शेजारी. चल, घे हिला.