पोकळ भिंती

हसू नका, पण लोणावळ्याच्या घराचा गिलावा मी एकदा स्वतः तपासला होता. बायको माहेराहून परतायच्या आत फक्त एक ओला कोपरा खरवडून लिंपायचा होता. गवंडी धोंडीबाने थापी ठोकून सांगितलं, "बाकी भिंती भरीव हायती."

मला शंका आली. माझ्या फिरायच्या काठीने ठोकून पाहिलं, तर सगळीकडे पोकळ आवाज! कोपरा मागे ठेवून आधी चारी भिंती सोलायला लावल्या. उघड्या विटांवर ठोकलं, तरी पोकळच.

"आता विटाबी काढू व्हय?" धोंडीबाने विचारलं. मग काठी हातात घेऊन त्याने ती वाजवली. "भाऊ, भिंत न्हाई, तुमचा बांबू पोकळ हाय!"

तेवढ्यात दारात बायकोचा टांगा थांबला. घरात गिलावा उरला होता, तो त्या ओल्या कोपऱ्यातच.