सामायिक विहिरीची पाळी

वय वाढलं की शहाणपण येतं म्हणणाऱ्याला आधी आमच्या मुरुमच्या डेअरीत पाठवा. तिथं एकाच मशीनच्या पोटात दोन सर्व्हर चालतात, एक दुधाचा, एक हिशेबाचा. दोघांचाही डेटा नेटवर्कवरच्या एकाच स्टोरेजच्या डब्यात. सकाळच्या गर्दीत दोन्ही रडतखडत चालायचे. तिथले कॉम्प्युटर मीच बघतो, वेगळं स्टोरेज घ्या म्हणून चेअरमन अण्णांच्या मागं लागून थकलो. शेवटी त्यांच्याच भाषेत सांगितलं, “अण्णा, सर्व्हर म्हणजे दोन भाऊ आणि स्टोरेज म्हणजे सामायिक विहीर. दोन्ही मोटरी एकदम चालल्या की पाणी पुरत न्हाय.”

“आत्ता कळलं बघ,” अण्णा म्हणाले. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच डेअरीतून फोन. दूध घेणं बंद, कॅन उन्हात, लोक शिव्या देतायत. पळत गेलो, तर स्टोरेजची वायर अण्णांच्या हातात.

“हे काय केलं तुम्ही?”

“पाळी लावली. सकाळी दुधाची, दुपारी हिशेबाची. हिशेबाचा पाइप काढला.”

“अण्णा, पाइप दोघांचा एकच हाय!”

“मग तसं सांगायचं न्हाय व्हय? कॉलेज सोडलेल्याचं ऐकलं, माझंच चुकलं.”

“मी कॉलेज सोडलं अण्णा, चालू मोटरीचा पाइप न्हाय सोडला.”

दोन्ही सर्व्हर उठवेपर्यंत दुपार झाली आणि कॅनमधलं दूध नासलं. निघताना वाटलं, आता तरी हा माणूस नव्या स्टोरेजचं नाव काढेल. अण्णांनी मागून हाक मारली.

“आरं, मग उद्या पाळी कुणाची?”