अर्धा कारखाना एक जूनचा

एक जून म्हटलं की माझं डोकं अजून फिरतं. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसच्या जमान्यात मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात प्रोग्रॅमर होते. कामगारांपासून ऑफिस स्टाफपर्यंत सगळ्यांचे वाढदिवस साजरे करायचं ठरलं, म्हणून मी जन्मतारखांची यादी काढून मॅनेजरसाहेबांपुढे ठेवली.

ते सगळ्यांसमोर ओरडले, "अर्धा कारखाना एक जूनला जन्मला? बाई, प्रोग्रॅम जमत नसेल तर घरी बसा!"

घरी बसा म्हणे! तीन दिवस मी प्रोग्रॅमची ओळ न् ओळ तपासली, सगळा डेटा पुन्हा भरला. उत्तर तेच. शेवटी चिडून मशीनशॉपमध्ये गेले आणि कल्याणकडच्या एका म्हाताऱ्या फिटरलाच विचारलं, "काका, तुमची खरी जन्मतारीख काय?"

"कोनाला म्हाईत, पोरी! शालेत नाव घातलं तवा मास्तरांनी एक जून टाकली. सगल्यांचीच टाकली."

मी तणतणत साहेबांच्या केबिनमध्ये शिरले आणि हे त्यांना ऐकवलं.

"अडाणी लोक!" साहेब म्हणाले.

मी यादी उलटली आणि ऑफिस स्टाफमधल्या त्यांच्याच नावावर बोट ठेवलं. एक जून.

साहेबांनी चष्मा लावून पाहिलं. म्हणाले, "माझी खरी आहे."