नावाची जागा

मायकेन गेल्याचं अँटवर्पमध्ये कळलं, त्याच दिवशी तिच्या आत्म्यासाठी चर्चच्या दारात गरिबांना पाव आणि छापील चित्र वाटलं गेलं. मेरीचं ते चित्र तिच्या नवऱ्याने, लांबेर्टने, तांब्याच्या पत्र्यावर आधीच कोरून ठेवलेलं होतं. रांगेतल्या दोन म्हाताऱ्या बायकांच्या मागेच तो उभा होता.

"मेरीच्या झग्याच्या चुण्या बघ गं! वाऱ्याने फुगल्यात अगदी."

"नुसत्या जाड-बारीक रेघा आहेत, वेडे."

"पण खाली बाईचं नाव कुठाय?"

"नाहीच की! दुसऱ्यांची नावं कोरताना बरा हात चालतो मेल्याचा."

"मग प्रार्थना कुणासाठी करायची?"

"पाव मिळाला ना? कर कुणासाठी तरी."

"असं कसं? ती बिचारी तिकडे वाट बघत असेल."

"मायकेन," लांबेर्ट म्हणाला. "मायकेन म्हणा, आजी."

पत्र्यावर ते नाव कोरायचं अजून राहिलं होतं.