चूक मागच्या पानांवर

आदरणीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, आणि खुर्च्या कमी पडल्या तरी न कुरकुरता उभे राहिलेले रसिकहो,

बायकोचं कौतुक, तेही माइकवर. घरी सवय नाही, सांभाळून घ्या.

मी छापखानेवाला, खिळे जुळवत वर आलेला. आमच्याकडे प्रुफं कानाने तपासतात. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने हस्तलिखितावर बोट ठेवायचं. हिच्या या कादंबरीच्या वेळी कामगार वाचत होता, हिचं बोट होतं आणि माझे कान. कादंबरीतली पात्रं म्हणजे आजी, आई, मावशी, मुलगी. सगळी आमच्याच घरची माणसं. 'सर्व पात्रे काल्पनिक' हे मीच छापलंय, म्हणून खात्रीने सांगतो.

शेवटच्या प्रकरणात कामगाराने वाचलं, 'आईने चष्मा पुसला.' मी थांबवलं. आई आधीच्या प्रकरणात वारली, चष्मा मावशीचा. 'मावशी' कर, म्हटलं. ही मान वर न करता म्हणाली, "राहू द्या. ती चूक नाही. चूक मागच्या सगळ्या पानांवर आहे."

मंडळी, आमच्या लग्नापासून आमच्याकडे राहणारी मावशी, तीच हिची जन्मदाती. लग्नाआधी झालेली ही पोर आजीने थोरल्या लेकीच्या ओटीत घातली. हिला ते हिच्या लग्नाआधी सांगितलं गेलं, हिने आमच्या लेकीला तिच्या लग्नाआधी सांगितलं. बायकांकडे हे ज्ञान पिढीजात. अडाणी राहायचं ते जावयांनी. मला कधी कळलं? वाचणाऱ्या कामगाराबरोबर. तो बिचारा चहा आणतो म्हणून पळाला.

मला का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणाली, "तुमच्या पोटात काही राहत नाही." परीक्षेच्या प्रश्नपत्रिका छापणाऱ्याला हे ऐकावं लागलं! ऱ्हस्व-दीर्घापुरता माझ्यावर विश्वास, घरापुरता नाही. तेव्हापासून आमच्यात कामापुरतंच बोलणं आहे.

मावशी समोरच पहिल्या रांगेत बसल्यात. आज हे बोला, असं त्यांनीच सांगितलंय. येताना गाडीत मी विचारलं, आता तुम्हाला काय म्हणू? म्हणाल्या, "मावशीच म्हणा, जावईबापू. तिनेही अजून तोंडाने आई म्हटलेलं नाही. छापलंय नुसतं."

अध्यक्ष महाराज, यानंतर सत्काराला उत्तर आहे. उत्तर लांबलचक नको. छापलेला एक शब्द सत्कारमूर्तींनी पहिल्या रांगेपर्यंत पोचेल असा उच्चारावा, एवढीच विनंती.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही राहून गेलं असेल तर क्षमा करा. मला सांगितलं गेलं, तेवढंच मी बोललो.