पावसाविना खोळ

माझं माहेर किल्लारीकडचं, अन् सासर लातूरच्या कडंच्या वस्तीतलं. बापानं दिलं ते एवढंच बघून, की शेहर जवळ हाय, पोरगी नळाचं पाणी पिईल. नळ कसला घिऊन बसलाव ताई, माझे केस पिकले तवा आला नळ.

तर मंग लातूर जिल्हा झाला, लई वाजतगाजत झाला. जिल्हा झाला म्हणल्यावर कचेरी पायजे, कोर्ट पायजे, अन् स्टेडियम बी पायजे म्हणे. त्याला पैसा आला. आमच्या नळाचं इचारलं की साहेब म्हणायचे, मंजुरी न्हाई. स्टेडियमच्या पायऱ्या बांधायले व्हते तवाच दुष्काळ पडला, आडाचा खडक दिसायला लागला, वस्तीला टँकर चार-चार दिसाला एकदा. स्टेडियमच्या सिमेटला मातर रोज.

माझं काम तिथंच, पाणी मारायचं. नव्या पायऱ्यांवर गोणपाट हातरायचं अन् भिजवीत ऱ्हायचं, वाळलं की सिमेट तडकतंय. मुकादम म्हणायचा, घागरभर जरी पाणी घरी नेलंस तर उद्यापून येऊ नको. अन् घरी माझी चंद्री, माहेराहून आणलेली म्हैस, गाभण, जीभ काढून हुबी. काय सांगू तुम्हाला, माणूस मागून पितंय, तिनं कुणाला मागावं?

मंग म्या एक केलं. सांजच्याला एक वलं गोणपाट घ्यायचं, पावसात घेताव तशी डोक्यावर खोळ करायची, अन् चालायला लागायचं. मुकादम हसायचा, पाऊस न्हाई न् सरू खोळ घिऊन निघाली. म्या म्हणायची, डोकं तापलंय दादा. घरी येऊन घमेल्यात पिळायची. आमचे मालक इचारायचे, पाणी कुठलं, म्या म्हणायची, मुकादमानं दिलं. पाणी पांढुरकं दिसायचं. मला काय कळत नव्हतं का? माझे हात फाटले व्हते त्या सिमेटच्या पाण्यानं. कळत व्हतं ताई. तरी पाजलं.

थोड्याच दिसात तिच्या तोंडाला फोड आले, चारा सुटला, बसली ती उठलीच न्हाई. पोटात रेडकू घिऊन गेली. त्याच दिशी मंत्री काम बघायला येणार, धूळ उडू नये म्हून मैदानावर टँकर रिकामे करायले व्हते, अन् म्या घरी तिच्या अंगावरच्या माशा हाकलीत बसले. मालक मरस्तोवर म्हणत गेले, दुष्काळानं खाल्ली म्हैस. म्या हाव म्हणत गेले.

आता नात त्याच मैदानावर पळती, पोलीस भरतीची तयारी करायली. म्या तिची पाण्याची बाटली घिऊन पायरीवर बसते. जिचं गोणपाट न्यायची ती पायरी अजून तडकलेली हाय, गिलावा करतेत, पुन्ना उकलतोय. औंदा बी पाऊस न्हाई, मैदानाला टँकर येतोय. नात दमून येती, घटाघटा पिती, म्हणती आजी, तू बी घे की घोटभर. मला तिथं बसून पाणी गिळवत न्हाई. तिला अजून सांगितलं न्हाई म्या. पोरगी भरतीत लागू द्या, तिचं भलं होऊ द्या, मंग ताई, तुम्ही हे लिहून घेतलंय ते तुम्हीच वाचून दाखवा तिला.